डावा डोळा आधी

‘थांब, ह्यातच आहे बघ,’ दादा म्हणाला आणि त्यातही ते नव्हतं.

त्यात मेंढरं होती. चित्र काळंपांढरं, आणि फिल्मवर इतके ओरखडे की कडक उन्हातही पाऊस पडतोय असं वाटावं. मागे सतार. सतारीवरून एक भरदार पुरुषी आवाज सांगत होता, की ह्या साध्याभोळ्या घोंगडीवाल्यांच्या बोटांत शतकांची परंपरा वसलेली आहे. ज्याच्या बोटांत ती वसली होती तो म्हातारा कॅमेऱ्याकडे बघत होता. हे लोक कधी एकदा जातात आणि मी कधी एकदा बिडी पेटवतो, एवढंच त्याच्या तोंडावर दिसत होतं.

‘साधाभोळा म्हणे,’ मी म्हटलं. ‘त्याला एकदा तरी तोंड उघडू दिलंय का? वीस मिनिटं झाली, हा सतारवालाच बडबडतोय.’

‘शैले, गप बस आणि बघ. काय माणसं होती तेव्हा!’

‘तेव्हाही असलीच होती. फक्त त्यांच्यामागे सतार वाजवायचे.’

ही गोष्ट दहा-अकरा वर्षांपूर्वीची. माझा उजवा पाय घोट्यात मोडला होता आणि नवरा कामानिमित्त तीन आठवडे बाहेरगावी होता, म्हणून मला नव्या पनवेलला दादाच्या घरी आणून टाकलं होतं. वहिनी सकाळी शाळेत शिकवायला जायची ती तीनला यायची. तोवर हॉलमध्ये आम्ही तिघं. सोफ्यावर प्लास्टरमधला पाय पसरून मी, टीव्हीसमोर रिमोट धरून दादा, आणि खिडकीपाशी पाटावर आई. आईपुढे मोड आलेल्या वालांचं पातेलं असायचं. आम्ही पेणची माणसं, आमच्याकडे वाल सोलणारं कुणीतरी घरात लागतंच.

दादाला कंपनीने पन्नाशीच्या आतच नारळ दिला होता. मग मुलाने पुण्याला जाताना टीव्हीला इंटरनेट जोडून दिलं, आणि तेव्हापासून हा गृहस्थ जुन्या जमान्यात राहायला गेला तो परत आलाच नाही. केसांत गुलाब खोचलेल्या निवेदिका. पुठ्ठ्याच्या भिंती असलेली नाटकं, ज्यांत दार आपटलं की अख्खं घर हलायचं. भातावरच्या तुडतुड्यांवर दोन तज्ज्ञांची चर्चा, दोघंही एकमेकांना ‘अगदी बरोबर’ म्हणणारे. लहानपणी हे लागलं की दादा स्वतः उठून टीव्ही बंद करायचा. आता तेच बघताना डोळे पुसायचा. मला पाय मोडल्याचं इतकं दुःख नव्हतं, जितकं तो मोडून ह्या खोलीत पडल्याचं होतं.

पण त्या आठवड्यातलं बघणं निव्वळ हौसेचं नव्हतं. दादा एक फिल्म शोधत होता, आणि त्यापायी त्याची झोप उडाली होती.

आमचे बाबा, मोरेश्वर पांचाळ, पेणमध्ये गणपतीच्या मूर्ती करायचे. त्यांचं नाव होतं ते आखणीसाठी. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. साच्यातून मूर्ती कुणीही काढतो, रंग कुणीही मारतो, पण पापणीची ती एक रेघ आणि बुबुळ बसवणं हे एकाच माणसाचं काम. ते चुकलं तर गणपती आंधळा दिसतो नाहीतर रागावलेला. पांचाळांचा गणपती तुमच्याकडे बघतो, असं लोक म्हणायचे. बाबांवर एक सरकारी माहितीपट निघाला होता. त्यानंतर काही महिन्यांतच ते गेले. आणि आता, छत्तीस वर्षांनी, पेणच्या एका कलामंडळाला त्यांची आठवण झाली होती. ‘कै. मोरेश्वर पांचाळ स्मृती आखणी पुरस्कार’. रविवारी कार्यक्रम, आणि मंडळाने दादाला सांगितलं होतं, की बाबांच्या हाताचं चित्रण मिळालं तर पडद्यावर दाखवू.

दादासाठी हा पुरस्कार म्हणजे आयुष्यभराची भरपाई होती. बाबा गेले तेव्हा तो तेरा वर्षांचा. पुढे दोन-तीन वर्षं त्याने कारखाना सांभाळायची धडपड केली. ब्रश मुठीत घट्ट धरायचा, ओठ चावायचा, आणि रेघ तरीही हलायची. शेवटी कारखाना विकला, तो पाताळगंगेच्या एका कंपनीत लागला. लग्नकार्यात, बारशात, कुठेही दोन माणसं जमली की तो म्हणायचा, ‘सगळं आलं, पण बाबांचा हात काही मला आला नाही.’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की मला त्याचा वीट आला होता.

आणि माझं म्हणाल तर ती फिल्म सापडू नये, एवढीच माझी इच्छा होती. कारण तिच्यात काय आहे ते मला ठाऊक होतं, पण छत्तीस वर्षं मी ते कुणापाशी काढलं नव्हतं. म्हणून मी दर फिल्मवर तोंड सोडत होते, की हा कंटाळेल आणि बंद करेल.

‘दादा, हे सगळं एकाच माणसाने लिहिलंय. घोंगडी काढ नि मडकं घाल, बाकी अक्षर बदललेलं नाही.’

‘तुला नसेल बघायचं तर आत जाऊन पड.’

‘पड म्हणे! उचलून नेतोस का?’

आई वाल सोलत राहिली. पुरस्काराची बातमी आल्यापासून ती जरा जास्तच गप्प होती. ‘येशील ना गं रविवारी?’ असं दादाने चारदा विचारलं, आणि चारही वेळा तिने गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. त्याच गुडघ्यांनी ती रोज तीन मजले उतरून भाजी आणत होती.

गुरुवारी अकराच्या सुमाराला दादाने ‘ग्रामीण हस्तकला, भाग चार’ असं काहीतरी लावलं. पुन्हा मेंढरंच येणार म्हणून मी तोंड उघडलं होतं. सतार सुरू झाली आणि पडद्यावर आमचं अंगण आलं.

‘आई!’ दादा ओरडला. ‘आई, आपलं घर!’

विहिरीचा रहाट. ओळीने वाळत घातलेल्या मूर्ती. मग बाबा आले. पांढरा फुलशर्ट, तेल लावून चापून बसवलेले केस. घोंगडीवाल्या म्हाताऱ्यासारखेच तेही कॅमेऱ्याकडे बघत होते, फक्त ह्यांच्या डोळ्यांत भीती होती. दादाच्या गालांवरून पाणी ओघळायला लागलं. मला हसायलाही येईना आणि रडायलाही.

‘ह्या निरक्षर कारागिराच्या बोटांत,’ तो आवाज म्हणाला, ‘शतकांची परंपरा वसलेली आहे.’

‘निरक्षर? बाबा मॅट्रिक होते!’ मी म्हटलं. माझं तोंड तेवढ्यातही चालूच.

आणि मग तो हात आला. पडदाभर हात. मनगटावर पांढऱ्या शर्टाची बटण लावलेली बाही, बोटांत बारीक ब्रश, समोर मूर्तीचा कोरा डोळा. ब्रश टेकला आणि पापणीची रेघ एका दमात या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. कुठेही थरथर नाही, कुठेही जाडबारीक नाही.

दादाने फिल्म थांबवली. टीव्हीपाशी जाऊन त्याने त्या हाताच्या चित्रावर आपली बोटं टेकवली. ‘बघितलंस, शैले? दगडासारखा स्थिर. हा हात. हा हात मला आला नाही.’

मी आईकडे बघितलं. तिचे वाल सोलणारे हात थांबले होते. तिने श्वास रोखून धरला होता, आणि उजव्या हाताची करंगळी वालाच्या पातेल्याच्या काठावर टेकून राहिली होती. पडद्यावरच्या हाताची करंगळीही तशीच मूर्तीच्या गालावर टेकलेली होती.

‘पुढे लाव,’ आई म्हणाली.

दादाने लावली. दुसरा डोळा झाला, बुबुळं बसली, गणपती आमच्याकडे बघायला लागला. सतार जोरात वाजली.

‘बिघडलाय,’ आई म्हणाली.

‘काय?’

‘उजवा डोळा. केसभर खाली बसलाय. आपल्याकडे उजवा आधी घ्यायची पद्धत. फिल्मच्या त्या चष्मेवाल्या साहेबाला उजेड हवा तसा पडेना, म्हणून म्हणे डावा डोळा आधी घ्या. त्यात ते दिवे एवढे तापलेले, रंग ब्रशवरच सुकत होता. चांगली मूर्ती फुकट घालवली मेल्याने.’

दादा हसला. ‘आई, छत्तीस वर्षांनी तुला टीव्हीवर केसभर फरक दिसला?’

‘दिसायला कशाला हवाय,’ आई म्हणाली. ‘हाताला तेव्हाच कळलं होतं.’

दादाचं हसू तसंच तोंडावर राहिलं. त्याने आईकडे बघितलं, मग पडद्याकडे. फिल्म मागे नेली, थांबवली आणि जवळ जाऊन बघितलं. आता त्याला दिसलं असणार. बाही जिथे जरा वर सरकली होती तिथे मनगटावर फिकट गोल पट्टा होता, वर्षानुवर्षं बांगड्या घातलेल्या हातावर असतो तसा. त्याच्या खाली एक ताजा ओरखडा.

‘हा बाबांचा हात नाही,’ तो म्हणाला.

मग तो माझ्यावर उखडला. ‘तुला माहीत होतं?’

‘होतं,’ मी म्हटलं. ‘रंगाच्या वाट्या पुढे करायला मलाच आत घ्यायचे.’

आखणी आमच्याकडे दार लावून व्हायची. मूर्तीत देव येतो त्या वेळी कुणी आत यायचं नाही, असं बाबा सगळ्यांना सांगायचे, आणि सगळ्यांना ते पटायचं. दादा शिकायला रोह्याला मामाकडे असायचा. सुट्टीत आला की त्या बंद दाराबाहेर पहाऱ्याला बसायचा. आत काय चाललंय ते त्याला कधीच कळलं नाही. शेवटची तीन वर्षं बाबांचा हात कापत होता. चहाचा कपसुद्धा त्यांना दोन्ही हातांनी धरावा लागे. आत आई ब्रश धरायची आणि बाबा शेजारी स्टुलावर बसून सांगायचे, ‘आता पापणी उचल. आता सोड.’ डोळा झाला की दोघंही एकदमच श्वास सोडायचे.

‘फिल्मवाले आले त्या दिवशी बाबा पांढरेफटक पडले,’ मी दादाला सांगितलं. ‘त्या साहेबाला पत्ता लागला तेव्हा तो म्हणाला, हात कुणाचा ते कोण बघतंय? बाईंना शर्ट घालून बसवा. बाई म्हणून दाखवू या का, असं काही त्याच्या डोक्यात आलं नाही. त्याने आधीच लिहून आणलं होतं ना, कारागीर मोरेश्वर म्हणून. आणि बांगड्या काढा म्हणाला, पडद्यावर दिसतील.’

‘आणि बाबा?’

‘ते नको म्हणाले,’ आई म्हणाली. ‘मीच म्हटलं, काढते. साबणाचं पाणी घेतलं. नऊ निघाल्या, दोन वाढवाव्या लागल्या. तो ओरखडा त्याचाच. दुसऱ्या दिवशी लगेच नव्या भरल्या मी कासाराकडून.’

दादा खुर्चीत बसला. बराच वेळ तो स्वतःचे हात उलटेसुलटे करून बघत होता. ते कापत होते. पुढे डॉक्टरांनी त्या कापऱ्याला नाव दिलं, पण ते पंधराव्या वर्षीही होतं.

‘म्हणजे,’ तो म्हणाला, ‘मला बाबांचाच हात आला की.’

आणि तो हसायला लागला. हसता हसता रडायला लागला. पन्नाशीचा बाप्या, बनियनवर, टीव्हीसमोर. मला एरवी अशा वेळी काहीतरी कुजकट सुचतं. त्या दिवशी सुचलं नाही.

डोळे पुसून झाल्यावर त्याला जोर चढला. ‘मी आत्ताच्या आत्ता मंडळाला फोन करतो. नाव बदला म्हणतो. इंदुमती पांचाळ आखणी पुरस्कार.’

‘गप रे,’ आई म्हणाली. ‘स्मृती पुरस्कार आहे तो. माझं नाव लावायला आधी मला मरावं लागेल. मला इतकी घाई नाही.’

‘पण आई, हे खोटं आहे.’

‘खोटं काय त्यात? रेघ माझी, पण नजर त्यांची होती. ते सांगायचे म्हणून मला यायचं. नाव राहू दे त्यांचंच.’ तिने सोललेले वाल एका बाजूला केले. ‘पण बक्षीस कुणाला द्यायचं ते ठरवायला कुणाला बसवलंय?’

‘कुणीतरी कॉलेजचे प्राध्यापक आहेत. परंपरेवर पुस्तक लिहिलंय त्यांनी.’

‘त्याने कधी डोळा आखलाय?’

‘नसावा.’

‘मग त्याला सतार वाजवायला बसव. डोळे मी बघते. फोन लाव.’

तीन दिवस दुखणारे गुडघे तिथल्या तिथे बरे झाले होते. दादा फोन घेऊन गॅलरीत गेला. काचेच्या दाराआडून त्याचे हातवारे दिसत होते, आवाज येत नव्हता. हॉलमध्ये आम्ही दोघीच राहिलो, आणि पडद्यावर थांबलेला तो हात.

खरं म्हणजे इथे गोष्ट संपायला हवी होती. दादाची सुटका झाली होती, आईचंही मन मोकळं झालं होतं. माझं मात्र सगळं आतच होतं, कारण त्या फिल्मला मी घाबरत होते ती हातासाठी नाही. मी घाबरत होते त्या ओरखड्याला.

बाबा फाल्गुनात गेले. दिवसांना गोदाआत्या आली. घरभर बायका, जी ती आईला धरून रडणार, आणि माझ्याकडे कुणाचंच लक्ष नाही. मी नऊ वर्षांची होते आणि मला महत्त्व हवं होतं. आत्याच्या मांडीवर बसून मी तिला गंमत सांगितली, की त्या फिल्मवाल्यांसमोर आईने बांगड्या काढल्या होत्या. हाताचं नाही सांगितलं, ते गुपित होतं एवढं मला कळत होतं. बांगड्यांचंही सांगू नये हे कळलं नाही. त्याच दुपारी आत्या स्वयंपाकघरात सगळ्या बायकांपुढे आईला म्हणाली, ‘नवरा जिवंत असताना हात मोकळे केलेस, तेही चार परक्या पुरुषांसमोर. आता भोग.’ संध्याकाळी आईने सगळे ब्रश रॉकेलमध्ये धुतले, फडक्यात बांधले आणि माळ्यावर टाकले. त्यानंतर तिने ब्रश धरला नाही. दादा थरथरत्या हाताने डोळे बिघडवत होता तेव्हाही नाही.

‘आई,’ मी म्हटलं.

‘काय गं?’

‘बांगड्यांचं आत्याला मी सांगितलं होतं.’

‘ठाऊक आहे.’ तिने पुढचा वाल घेतला.

‘कधी कळलं?’

‘तेव्हाच. वन्सं म्हणाल्याच की, तुझ्या पोरीने सांगितलं म्हणून.’

‘तू ब्रश टाकलास तो त्यामुळेच ना?’

‘मलाही बरीच वर्षं वाटायचं, वन्सं म्हणतात ते खरं असेल,’ ती म्हणाली. ‘ब्रश हातात घेतला की पहिल्यांदा मनगट दिसायचं.’

‘मग मला काही बोलली का नाहीस? मला बडवायचंस तरी!’

‘आले होते बडवायलाच,’ आई म्हणाली. ‘तू मागच्या पायरीवर बसली होतीस. मांजराला झापत होतीस, दूध सांडलं म्हणून. भारी तोंड चालू होतं तुझं. ते गेल्यापासून घरात आवाजच नव्हता गं. तुझा दादा तर पार मुका झाला होता. म्हटलं, हिला आता बोलले तर हीही तोंड मिटेल, जन्मभरासाठी. बोलणारं एक तरी माणूस हवं होतं मला घरात.’

मी गप्प बसले. बोलायला गेले असते तर नुसतं रडूच आलं असतं, आणि रडायची मला सवय नाही. गॅलरीत दादा कुणाला तरी ओरडून सांगत होता, ‘माझी आई! हो, आईच!’

आईने सोललेला वाल पातेल्यात टाकला आणि माझ्याकडे बघितलं.

‘आता का गप्प झालीस?’ ती म्हणाली. ‘लाव ते पहिल्यापासून, मला अंगण बघू दे. आणि बोल काहीतरी. तो सतारवाला एकटाच बडबडतोय.’